पोलिसांवर विश्वास नाही म्हणून जमावाने न्याय करावा का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कस्तुरबा नगरात नेमकं काय घडलं होतं?

१३ ऑगस्ट २००४, शुक्रवारची दुपार. नागपूरच्या जिल्हा न्यायालयात अक्कू यादव या गुंडाला पोलीस पहाऱ्यात आणलं होतं. उत्तर नागपुरातली कस्तुरबा नगर ही बहुसंख्य दलितांची वस्ती त्याने वर्षानुवर्षं वेठीला धरली होती. हप्ते, घरात घुसून मारहाण, खून आणि बायका-मुलींवर बलात्कार, असा त्याचा लौकिक. त्या दिवशी तो पुन्हा जामिनावर सुटणार अशी कुणकुण वस्तीत लागली आणि बायका कोर्टात जमल्या.

पुढचं जे सांगितलं जातं ते असं. आपण ज्या बाईवर अत्याचार केला ती समोर दिसताच त्याने तिला शिवी हासडली आणि ‘पुन्हा बघून घेईन’ म्हणून धमकावलं. तिने पायातली चप्पल काढली. मग पोलिसांच्या डोळ्यांत मिरचीपूड गेली, पदराआडून घरच्या सुऱ्या निघाल्या. काही मिनिटांत कोर्टाच्या खोलीतच तो मेला. अंगावर सत्तरहून जास्त वार होते.

त्या बायका आधी पोलिसांकडे गेल्याच नव्हत्या का?

गेल्या होत्या, आणि एकदा-दोनदा नव्हे. हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला जातो की तो ऐकून आता राग येतो. रागाचं कारण असं की प्रश्नच गृहीत धरतो की ठाण्याची पायरी चढली की तक्रार आपोआप लिहिली जाते.

वस्तीतल्या लोकांनी नंतर पत्रकारांना जे सांगितलं ते वाचा. तक्रार करायला गेलेल्या बाईच्याच चारित्र्यावर बोट ठेवलं जायचं. तक्रार कुणी केली हे अक्कूला कळायचं आणि संध्याकाळी तो तिच्याच दारात उभा असायचा. त्याला अनेकदा अटक झाली आणि दर वेळी तो सुटून आला. सुटून आला की कुणी तोंड उघडलं त्याचा हिशेब चुकता व्हायचा. असं दोनचार घरांत घडलं की पाचवं घर तोंड उघडत नाही. ‘बाया तक्रारच करत नव्हत्या’ असं म्हणणाऱ्यांनी ही पाचव्या घराची गोष्ट आधी समजून घ्यावी.

उषा नारायणे ही वस्तीतली शिकलेली तरुणी. तिने तक्रारीसाठी पुढाकार घेतला म्हणून अक्कू आणि त्याची माणसं तिच्या घरावर चालून आली. तिने दार लावून घेतलं, गॅसचा सिलिंडर उघडला आणि आत याल तर काडी ओढीन म्हणून बजावलं. ते मागे फिरले. वस्तीची भीती मोडली ती तेव्हा. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात लोकांनी अक्कूचं घर पाडलं आणि त्यानंतर तो जीव वाचवायला पोलिसांच्या स्वाधीन झाला. ज्या पोलिसांचा आधार वस्तीला मिळत नव्हता तो त्याला एका दिवसात मिळाला, असा अर्थ वस्तीने काढला. त्या काढण्यात त्यांची काय चूक?

खटल्याचं पुढे काय झालं?

सुरुवातीला पाच बायकांना अटक झाली. शहरात निदर्शनं झाली, वस्तीतल्या बायका ‘आम्हा सगळ्यांनाच अटक करा’ म्हणून पुढे आल्या. निवृत्त न्यायमूर्ती भाऊ वहाणे यांनी जाहीरपणे त्यांची बाजू घेतली: पोलिसांनी संरक्षण दिलं नाही, बायकांपुढे दुसरा मार्ग उरला नव्हता. अनेक वकीलही त्यांच्यामागे उभे राहिले. खटला दहा वर्षं चालला. आरोपींत पुरुषही होते आणि स्त्रियाही, उषा नारायणेंचाही त्यांत समावेश होता. २०१४ मध्ये सत्र न्यायालयाने हयात असलेल्या सगळ्यांची पुराव्याअभावी निर्दोष मुक्तता केली.

ही दहा वर्षं सहसा कुणी मोजत नाही. तारखा, वकील, बुडालेली मजुरी, पोरीच्या स्थळाला ‘त्या केसमधली’ म्हणून आलेला नकार. गुंडाने दहशत घातली तेव्हाही किंमत वस्तीने मोजली आणि तो मेल्यावरही वस्तीनेच मोजली. ज्यांनी तक्रारी लिहून घेतल्या नाहीत त्यांच्यापैकी कुणाला दहा वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या?

म्हणजे त्या बायकांनी केलं ते बरोबरच होतं?

मी त्यांना दोष देत नाही. माझ्या घरावर तो चालून आला असता तर मी काय केलं असतं, हे मला खुर्चीत बसून सांगता येणार नाही. पण त्या घटनेचा उत्सव करणं मला मान्य नाही. मिरचीपूड आणि सुऱ्यांची गोष्ट ‘नारीशक्ती’ म्हणून रंगवून सांगणारे पुष्कळ भेटतात. तिच्या आधीची दहा वर्षं मात्र त्यांच्या गोष्टीत दोन ओळींत उरकतात. आपण एखाद्या वस्तीला खून करण्याइतकं एकटं पाडलं, तर त्यात अभिमान बाळगण्यासारखं काय आहे?

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. त्यासाठी धुळे जिल्ह्यात जावं लागेल.

राईनपाड्याचा याच्याशी काय संबंध? तिथे तर निरपराध माणसं मारली गेली.

संबंध तोच आहे. १ जुलै २०१८, रविवार, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याचा आठवडी बाजार. मुलं पळवणारी टोळी फिरतेय असे मेसेज कित्येक दिवस मोबाइलवर फिरत होते. नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या जमातीतले पाच जण भिक्षा मागायला तिथे उतरले. बहुतेक जण सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातले. एका लहान मुलीशी बोलले एवढं निमित्त पुरलं. लोकांनी त्यांना मारत मारत ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि तिथेच ठार केलं. मोबाइलवर त्याचं चित्रण झालं. पोलीस आले ते मोजके आणि उशिरा.

त्या पाचांपैकी एकालाही आपण कोण, कुठले हे सिद्ध करायची संधी मिळाली नाही. कस्तुरबा नगरच्या बायकांना आरोपी कोण हे पक्कं ठाऊक होतं, कारण त्याने त्यांच्याच घरात अत्याचार केले होते. राईनपाड्याच्या जमावाचीही तितकीच पक्की खात्री होती. आतून दोन्ही खात्र्या सारख्याच वाटतात, आणि जमावात उभ्या असलेल्या माणसाला त्यांतला फरक ओळखता येत नाही. म्हणूनच नागपूरच्या घटनेला टाळ्या वाजवताना माझा हात अडतो.

आणि मारलं कुणाला जातं तेही बघा. अनोळखी, फाटका, भाषा जरा वेगळी, ज्याच्यामागे गावात कुणी उभं राहणार नाही असा माणूस. भटक्या-विमुक्तांपैकी अनेक जमातींना इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने जन्मजात गुन्हेगार ठरवलं. १९५२ मध्ये तो शिक्का कागदावरून पुसला गेला, तरी कुठे चोरी झाली की पोलिसांची पहिली धाड आजही पारध्यांच्या पालावर पडते. पोलिसांवर विश्वास ठेवायला सगळ्यात कमी कारण ज्यांच्याकडे आहे, जमावाच्या हातीही तेच आधी सापडतात. त्यांनी दाद कुणाकडे मागायची?

पालघरचं प्रकरणही असंच होतं का?

मुळात हो. १६ एप्रिल २०२०, लॉकडाऊनचे दिवस, डहाणू तालुक्यातलं गडचिंचले. चोर आणि मुलं पळवणारे रात्री फिरतात अशी अफवा, गावोगाव पहारे. सुरतकडे निघालेले दोन साधू आणि त्यांचा चालक जमावाच्या तावडीत सापडले आणि पोलिसांच्या देखत मारले गेले. नंतर त्याला धार्मिक रंग देण्याचा खटाटोप झाला आणि त्या गदारोळात मूळ गोष्ट बाजूला पडली: रात्री गावाजवळ काही संशयास्पद दिसलं तर पोलिसांना फोन करून वाट बघावी, हा विचारच त्या जमावाच्या मनात आला नाही.

पोलिसांवरचा हा अविश्वास येतो कुठून? सगळेच पोलीस वाईट असतात का?

सगळे वाईट नसतात. बारा-बारा तास ड्युटी करणारे, गणपती, निवडणूक आणि बंदोबस्तात पिळून निघणारे शिपाई मीही पाहिलेत. पण अविश्वास हवेतून आलेला नाही, तो अनुभवातून आलाय.

विदर्भातच १९७२ साली देसाईगंजच्या ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केल्याचं प्रकरण घडलं. देश ते ‘मथुरा प्रकरण’ म्हणून ओळखतो. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोघा पोलिसांना दोषी धरलं, पण सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडून दिलं. तिच्या अंगावर झटापटीच्या खुणा नाहीत, म्हणजे तिची संमती असणार, असा तर्क त्या निकालात होता. देशभर स्त्रिया रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. कायदा बदलला, पण आजीने नातीला ‘ठाण्यात एकटी जाऊ नको’ असं सांगणं काही थांबलं नाही.

रोजचा अविश्वास याहून साधा असतो. तुम्ही फिर्याद द्यायला जाता. ठाणे अंमलदार म्हणतात, ‘साहेब राउंडला गेलेत, थांबा.’ तीन तासांनी म्हणतात, ‘अर्ज देऊन जा, बघतो.’ फारच नेट लावला तर एनसी करतात. एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, तिच्यावर न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करत नाहीत. विळ्याने हात कापला गेलेला असतो, आणि कागदावर मात्र ‘शिवीगाळ व धक्काबुक्की’ असं उतरतं. बाई सही करते, कारण तिला वाटतं तक्रार नोंदली गेली. समोरच्याला मात्र दुसऱ्या दिवशी कळतं की काहीही होणार नाही, आणि त्याची हिंमत दुप्पट होते. गुंड मोठा होतो तो अशा कागदांवर. मी जमावाच्या न्यायाचा विचार करतो तेव्हा मला सुरी दिसण्याआधी ते एनसीचं चिटोरं दिसतं.

मग पोलिसांनी एफआयआर घेतलाच नाही तर करायचं काय?

पहिली गोष्ट, दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्यात पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येते अशा गुन्ह्याची, माहिती दिली की एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे. ललिता कुमारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये हे स्पष्ट केलंय. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, कुठल्याही ठाण्यात तो नोंदवता येतो. त्यालाच झिरो एफआयआर म्हणतात. ‘आमची हद्द नाही’ हे उत्तर कायद्यात बसत नाही. लैंगिक अत्याचाराची फिर्याद महिला अधिकाऱ्यानेच लिहून घ्यायची असते. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या.

तरीही हाकलून दिलं तर तक्रार लेखी करा आणि पोलीस अधीक्षकांना, शहरात असाल तर आयुक्तांच्या कार्यालयाला, रजिस्टर पोस्टाने पाठवा. हातोहात देणार असाल तर दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मारून घ्या. तो शिक्का लहान वाटतो, पण पुढे सगळं त्यावर उभं राहतं. तिथेही काही हललं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे कलम १७५(३) खाली अर्ज करता येतो, ते तपासाचा आदेश देऊ शकतात. बलात्कारासारख्या ठरावीक गंभीर गुन्ह्यांत माहिती मिळूनही नोंद न करणाऱ्या अधिकाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम १९९ प्रमाणे सहा महिने ते दोन वर्षं सक्तमजुरी आहे. फिर्यादी अनुसूचित जाती-जमातीचा असेल तर अत्याचार प्रतिबंधक कायद्याचं कलम ४ कामचुकार लोकसेवकाला लागू होऊ शकतं. अर्जात ही कलमं लिहा. समोरचा अधिकारी ती वाचतो.

वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना तिथे उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाइन १५१०० वर आहे.

गुंड इतका दांडगा की तक्रार केली तर तो ठारच मारील. अशा वेळी?

एकट्याने जाऊ नका. कस्तुरबा नगराकडून शिकायचं असेल तर हे शिकावं. वस्तीतल्या पंधरा-वीस घरांनी एकत्र, एकाच दिवशी, वेगवेगळ्या फिर्यादी दिल्या की बातमी फुटली तरी तो किती दारांत जाऊन उभा राहील? बरोबर वकील, महिला मंडळ, स्थानिक पत्रकार असू द्या.

आणि फक्त गुन्हा नोंदवून थांबू नका. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ५६ खाली गुंडाला दोन वर्षांपर्यंत तडीपार करता येतं. १९८१ चा एमपीडीए, म्हणजे धोकादायक गुंडांना स्थानबद्ध करण्याचा कायदा, तर झोपडपट्टीतल्या दादांचा थेट उल्लेख करतो. त्याखाली वर्षभर स्थानबद्ध ठेवता येतं. हे कायदे दुधारी आहेत. आंदोलन करणाऱ्या कार्यकर्त्यावर तडीपारीची नोटीस बजावलेली मी पाहिली आहे, तेव्हा डोळे झाकून त्यांची भलामण करणार नाही. पण ज्या माणसासाठी ते लिहिले गेले तो तुमच्या गल्लीत बसलेला असताना ते वापरायची मागणी करणं तुमचा हक्क आहे. अशा प्रकरणांत घाबरलेल्या लोकांचे जबाब नाव उघड न करता घेण्याची पद्धतही आहे.

साक्षीदारांच्या संरक्षणासाठी महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायदा केला आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी योजना मान्य केली. प्रत्यक्षात संरक्षण मिळवायला झगडावं लागतं. तरी अर्ज कराच. अर्ज केला होता आणि दिलं नाही, ही नोंद पुढे फार कामाला येते.

स्वसंरक्षणासाठी मारलं तरी गुन्हा का?

स्वसंरक्षणाचा हक्क कायद्याने दिलाय आणि तो बराच मोठा आहे. बलात्काराचा, अपहरणाचा, ॲसिडचा हल्ला होत असेल, किंवा जिवावर बेतलं असेल, तर हल्लेखोराचा जीव गेला तरी तो गुन्हा ठरत नाही. सिलिंडर उघडून उभी राहिलेली तरुणी या हक्काच्या आतच होती. पण हल्ला संपला, माणूस ताब्यात आला, बांधला गेला, की हक्कही संपतो. त्यानंतरचा प्रत्येक फटका हा गुन्हा.

डोळ्यांदेखत गंभीर गुन्हा करणाऱ्याला सामान्य माणूसही पकडू शकतो. नव्या कायद्याप्रमाणे त्याला विनाविलंब, जास्तीत जास्त सहा तासांत, पोलिसांच्या स्वाधीन करावं लागतं.

मी फक्त गर्दीत उभा होतो, व्हिडिओ काढत होतो. मलाही धरतील?

धरू शकतात. बेकायदा जमावाचा समान उद्देश ठरला की त्यातल्या प्रत्येकावर गुन्हा लागतो, काठी कुणाच्या हातात होती हा प्रश्न मागे पडतो. जात, समाज, भाषा, जन्मस्थान अशा कारणांवरून पाच किंवा अधिक जणांनी मिळून खून केला तर न्याय संहितेच्या कलम १०३(२) प्रमाणे प्रत्येकाला फाशी किंवा जन्मठेप होऊ शकते. अफवेचा मेसेज पुढे पाठवणाऱ्यावरही कारवाई होते.

जात पंचायतीही पोलिसांऐवजी न्याय करतातच की. त्यात काय वाईट?

तिथे न्याय करणारे बहुतेक पुरुष आणि शिक्षा भोगणारी बहुतेक बाई, हे वाईट. वाळीत टाकणं, दंड, माहेर तोडणं, शुद्धीकरणाच्या नावाखाली विटंबना. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला आणि २०१७ मध्ये तो अमलात आला, तो अशा पंचांमुळेच. ठाणं दूर म्हणून पंचांकडे गेलेली बाई बहुतेकदा आगीतून फुफाट्यात पडते.

पोलिसांनीच एन्काउंटर केला तर निदान जमावाला रस्त्यावर यावं लागत नाही. ते जास्त बरं नाही का?

नाही. ६ डिसेंबर २०१९ ला हैदराबादजवळ एका तरुणीवरच्या बलात्काराच्या आणि तिच्या खुनाच्या प्रकरणातले चार आरोपी पोलिसांच्या गोळ्यांनी मेले. लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली, पेढे वाटले. त्याच्या चौकशीसाठी सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या आयोगाचे अध्यक्ष नागपूर खंडपीठात वकिली केलेले न्यायमूर्ती विकास सिरपूरकर होते. त्यांचा अहवाल २०२२ मध्ये बाहेर आला. ठार मारण्याच्या हेतूनेच गोळ्या झाडल्या असा त्याचा निष्कर्ष होता, आणि चौघांपैकी तिघे अल्पवयीन होते असंही त्यात म्हटलं होतं.

त्या तरुणीच्या कुटुंबीयांनी ती हरवल्याची तक्रार घेऊन गेल्यावर त्यांना हद्दीच्या वादात फिरवलं गेलं होतं, आणि त्यासाठी काही पोलीस निलंबितही झाले. फुलं पडली त्या गदारोळात ही बाब विसरली गेली. एन्काउंटरने खटला संपतो आणि त्याबरोबर तक्रार कुणी नाकारली याची चौकशीही संपते. ज्या वस्तीचा पोलिसांवर विश्वास नाही, तिने त्याच पोलिसांच्या हाती खटल्याविना मारायचा अधिकार का द्यावा?

समोर एखाद्याला बांधून मारताना दिसलं तर मी एकटा काय करणार?

११२ ला फोन लावा. ‘जमाव माणसाला मारतोय’ हे पहिलं वाक्य असू द्या, जागा नेमकी सांगा आणि फोन करणारे आणखी दोघे-तिघे गोळा करा. एकाच जागेवरून चार फोन गेले की गाडी लवकर निघते. सरपंच, पोलीस पाटील, शाळेचे गुरुजी, आशाताई, ज्याचं गावात ऐकलं जातं त्याला ओढून आणा. जमावाशी वाद घालू नका, वेळ काढा: ‘आधार कार्ड बघू या, त्याच्या गावच्या सरपंचाला फोन लावू या, पोलीस येईपर्यंत कोंडून ठेवू या.’ कोंडायचं तर खिडकी-दार धड असलेल्या जागेत, आणि दाराशी शहाणी माणसं उभी करून, कारण राईनपाड्यातही खोलीच होती आणि दार तोडलं गेलं. जखमीला पाणी द्या, रुग्णवाहिकेसाठी १०८ लावा. दुसऱ्या दिवशी जबाब द्यायला जा, आणि जाताना शेजाऱ्याला बरोबर घ्या.